पंचफुलाकाकू आणि इंझोरीचा सर्पसम्राट

आमच्या इंझोरीत पंचफुलाकाकूंचं कोणाशी जमत नाही, आणि जमावं अशी त्यांची इच्छाही नाही. बाजारात एखादी बाई किडकं वांगं उचलते, उलटून बघते आणि परत टोपल्यात टाकते, तसं त्या माणसाकडं बघतात. मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहतो. स्टँडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्याकडंही त्या तसंच बघतात, आणि पुढं जे सांगणार आहे त्यावरून कळेल की माझ्या बाबतीत तरी त्यांचं चुकत नाही.

काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत. त्यांचे यजमान शालिग्रामकाका वाशिमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. काका काविळीनं गेले तेव्हा काकू सत्तावीस वर्षांच्या होत्या. अनुकंपा तत्त्वावर त्यांना काकांच्याच जागी घेतलं. दुसऱ्या एखाद्या खात्यात बदलून द्या, असं त्यांनी ऑफिसात विचारून पाहिलं होतं. पण प्रयोगशाळेत काम करायला कॉलेजातला दुसरा एकही शिपाई तयार नव्हता. पहिल्या दिवशी क्लार्कनं त्यांच्या हातात किल्ली दिली आणि तो उंबऱ्याच्या अलीकडूनच परत फिरला.

आत चार कपाटं भरून काचेच्या बरण्या होत्या. फॉर्मलिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. एका बरणीत फणा काढलेला नाग, एकीत घोरपड, एकीत कासव, आणि खालच्या फळीवर नुसती सापांची रांग. काकू त्या दिवशी दारातच बसून राहिल्या. त्यांना भीती वाटली होती. हे त्या स्वतः सांगतात, आणि एवढं एकच सांगताना त्यांच्या आवाजात लाज असते.

दुसऱ्या आठवड्यात बरण्या पुसताना त्यांच्या लक्षात आलं की मेलेल्या नागाचे डोळे उघडेच आहेत. मेलेल्या माणसाचे डोळे आपण मिटतो. ह्याचे कोणी मिटले नाहीत म्हणून त्या नीट बघायला लागल्या, तर मिटायला पापणीच नव्हती. विभागाचे प्रमुख काळबांडे सर टेबलाशी पेपर वाचत होते. काकूंनी त्यांना विचारलं,

"सर, सापाले पापनी नसते का? मंग तो झोपते कसा?"

काळबांडे सरांनी पेपर खाली केला, थोडा वेळ बरणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बरण्या पुसा."

काकूंना तेव्हाच कळलं की ह्या माणसाला माहीत नाही. भीती गेली ती त्या मिनिटाला. पापणी नसलेल्या प्राण्याला भ्यायचं कशाला, आणि प्राणिशास्त्राचा प्राध्यापक असून ज्याला पापणीचं माहीत नाही अशा माणसाला तर अजिबातच भ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढची एकतीस वर्षं त्यांनी त्याच प्रयोगशाळेत काढली.

पाचनंतर प्रयोगशाळा बंद करायची, तर काकू साडेसहाला करायच्या. ग्रंथालयातून मराठी पुस्तकं आणून बोट ठेवून वाचायच्या. पोरांचा तास चालू असला की दाराशी स्टूल टाकून ऐकायच्या. पण पुस्तकापेक्षाही त्यांचा विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर. एकदा सिंकच्या मागं त्यांना सापाची अख्खी कात सापडली, पायातून मोजा उलटा काढावा तशी निघालेली. त्यांनी ती खिडकीशी धरून पाहिली. डोक्याच्या जागी दोन बारीक, गोल, काचेसारखे तुकडे होते. सापाच्या डोळ्यावर पापणीऐवजी एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना साप तोही टाकतो. म्हणजे सापाचा चष्मा दर काही महिन्यांनी फुकटात नवा होतो. काकूंनी ती कात हौसेनं सरांना दाखवली. सर खुर्चीसकट मागं सरकले.

ट्यूबलाइटच्या पट्टीमागं एक पाल राहायची. तिलाही पापणी नाही. डोळ्यात धूळ गेली तर ती जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा चाटून साफ करते. काकूंनी हे बघितलं, मग पुस्तकात शोधलं, मग एका तासाला दारातूनच मोठ्यानं सांगितलं. पोरं हसली. काळबांडे सरांना वाटलं पोरं आपल्याला हसली, आणि काकूंना लेखी समज मिळाली.

सरांबद्दल काकूंचं मत पक्कं झालं ते एका नागपंचमीला. सकाळी साडेसातला काकू मैदानातून येत होत्या, तर कॉलेजच्या मागच्या वारुळापाशी काळबांडे सर सोवळं नेसून दूध ओतत होते. साडेअकराच्या तासाला तेच सर फळ्यावर लिहून सांगत होते की साप दूध पित नाही, दूध हे त्याचं अन्नच नाही, गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतो म्हणून तो मिळेल ते पितो. सगळं बरोबर. तास संपल्यावर काकू आत गेल्या आणि पोरांसमोर म्हणाल्या,

"सर, तुमची वाटी वारुळापाशीच राह्यली."

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे आणि पोरं बरण्यांपुढं घामाघूम होऊन उभी राहायची. मग काकू परीक्षकाच्या मागं उभ्या राहून इशारे करायच्या. कितीतरी पोरं त्यांच्या इशाऱ्यावर पास झाली, त्यातली काही आज मास्तर आहेत. पोरांचं भलं व्हावं म्हणून करत होतात का, असं मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, "हाट! एक पोट्टं घोरपडीले मगर म्हनून राह्यलं होतं. त्या घोरपडीची काय इज्जत राह्यली असती?"

निवृत्त झाल्यावर त्या इंझोरीला आल्या. घराची डागडुजी केली, दोन शेळ्या घेतल्या. आणि त्यांच्या नशिबी बबलू आला.

बबलू म्हणजे वैजयंताबाईचा मुलगा. वय तीसच्या आसपास. आधी मोबाइलचे कव्हर विकायचा. एकदा कोणीतरी काठीनं मारलेली धामण त्यानं शेपटीला धरून उचलली आणि तो फोटो सगळीकडं फिरला. लोकांनी फोन करायला सुरुवात केली. महिन्याभरात बबलूनं काळा गॉगल घेतला, चार बोटांत चार अंगठ्या चढवल्या आणि माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "भाऊ, एक कार्ड छापून दे." मी छापलं. 'सर्पसम्राट बबलूभाऊ' हे शब्द त्याचे, पण खाली 'विषही ज्यांना वश आहे' ही ओळ माझी. मला तेव्हा ती फार चांगली वाटली होती.

सापांबद्दल बबलूला तेवढंच माहीत होतं जेवढं सिनेमा बघितलेल्या कुठल्याही माणसाला असतं. साप मारणाऱ्याचा फोटो सापाच्या डोळ्यात उतरतो. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. मांडूळाला दोन तोंडं असतात, सहा महिने एक, सहा महिने दुसरं. आणि स्वतःबद्दल तो सांगायचा की इतक्या वेळा चावून घेतल्यामुळं त्याच्या रक्तात विष पचतं. त्याला चावलेले सगळे साप दिवड आणि धामण होते, ज्यांना विषच नसतं, हे गावात एकट्या काकूंना कळत होतं.

पहिली ठिणगी जूनमध्ये पडली. मारुतीच्या पारामागच्या पडीक जागेत दोन लांबलचक साप एकमेकांना पीळ घालून कमरेइतके उभे झाले होते. सारं गाव जमलं. बबलू गॉगल लावून पुढं उभा, आणि हात जोडून सांगतोय, "हे नाग-नागिनीचं जुगलं हाये. नाग नर अन् धामन मादी. यायच्यावर कोरं कापड टाकलं अन् ते घरात ठेवलं, तं घरात कायी कमी पडत नाई."

गर्दीतून एक बाई पुढं झाली आणि तिनं नवाकोरा खण त्या सापांवर टाकला. ती बाई म्हणजे माझी बायको वर्षाराणी. खण मीच घरून पळत जाऊन आणून दिला होता. मागून आणखी दोघीतिघींनी हळदीकुंकू उडवलं.

तेवढ्यात काकू आल्या. डोक्यावर शेळ्यांसाठी पाल्याचा भारा होता, तो त्यांनी खालीही ठेवला नाही.

"काय करून राह्यल्या वो बायांनो?"

"काकू, पाया पडा," बबलू म्हणाला. "नाग-नागिन हाये."

"नाग कोनता त्यातला? फना दिसला तुले?"

"आता मिटेल हाये फना."

"दोनीबी धामना हायेत, लेका. अन् दोनीबी नर हायेत." काकूंचा आवाज शांत होता. "मादी तिकडे कुठं तरी सावलीत बसेल असंन. हे दोघं तिच्यासाठी कुस्ती खेयून राह्यले. जो दुसऱ्याले खाली पाडीन तो जिंकला. चावत नाई, मारत नाई, नुस्तं लोटते. अन् तुमी दोन बाप्यायची ओटी भरून राह्यल्या!"

कोणी हसलं नाही, कारण जो तो आपण काय काय केलं ते आठवत होता. वर्षाराणीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुकानाकडं चालू लागलो. सापांनी आपला सामना आटोपला. एक खाली दबला, सुटला आणि बांधावरून पळाला, दुसरा त्याच्यामागं. खण तिथंच पडून राहिला. बबलू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाटलीतले साप पाहून हुशार झाली म्हातारी."

त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले असं म्हणता आलं असतं, पण काकूंचा पक्ष एकट्या काकूंचाच होता. लोकांना काकूंचं खरं वाटत नव्हतं असं नाही. खरं वाटत होतं म्हणूनच राग होता.

पुढच्या फेब्रुवारीत बबलूच्या दोस्तांच्या मंडळानं विज्ञान दिन ठेवला. समाजमंदिरापुढं मांडव, स्पीकर आणि प्रमुख वक्ते सर्पसम्राट. बॅनर माझ्याकडूनच गेलं. सकाळी दहाला काकू पहिल्या रांगेत येऊन बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

बबलू बोलायला उठला. सापाच्या बदल्याची गोष्ट त्यानं रंगवून सांगितली: एका माणसानं नाग मारला, आणि नागिणीनं डोळ्यातल्या फोटोवरून त्याला बारा वर्षांनी शोधून काढलं.

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सापाच्या मेंदूत फोटो ठेवाले जागा नाई, बबल्या. अन् तुह्या तोंडात ठेवासारखं कायी नाई."

मांडवात खसखस पिकली. बबलूनं विषय बदलला. पुंगीच्या सुरावर नाग कसा धुंद होतो, ते हात डोलवून दाखवू लागला.

"त्याले भायेरून कानच नाई," काकू म्हणाल्या. "जमिनीची थरथर त्याले जबड्याच्या हाडातून समजते. पुंगी हालते, म्हनून तो नजर ठेवून हालते. पुंगी न वाजवता लाटनं हालवलं तरी तसाच डोलीन."

"काकू, तुमीच या ना मंग माइकवर!" बबलूचा आवाज चढला.

त्याच वेळी मांडवामागच्या शेताचा मालक संघपाल पळत आला. त्याच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पऱ्हाट्यांचा ढीग होता, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा. त्या ढिगाला लागून एक जाडजूड साप उन्हात पडला होता. बबलूला देव पावला. माइक टाकून तो निघाला, त्याच्या मागं मोबाइल वर धरलेले दोस्त, त्यांच्या मागं मांडव, आणि सगळ्यात शेवटी काकू.

साप दोन-अडीच हात लांब, बसका आणि जाड होता. अंगावर तपकिरी ठिपके. बबलूनं लांबूनच निकाल दिला, "अजगराचं पिल्लू! बिनविषारी हाये, भेऊ नका." आणि गॉगल डोक्यावर चढवून तो पुढं वाकला.

काकू माणसांना कोपरानं बाजूला सारत आल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि ओरडल्या. मी त्यांना ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"बबल्या, मांगं हो! घोनस हाये थे!"

"काकू, तुमी बाटलीतले पायले, आमी जित्ते पायतो."

"ठिपक्यायच्या साखया पाय पाठीवर! तीन रांगा हायेत. अजगराच्या अंगावर असे नसतात. मांगं हो म्हनतो ना!"

साप फुगला आणि कुकरची शिटी अडकावी तसा लांब फूत्कार सोडू लागला. मागची माणसं दहा पावलं हटली. "अजगर दम धरून राह्यला," असं बबलू कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला आणि त्यानं सापाच्या मानेमागं हात घातला. पुढचं कोणाला दिसलंच नाही. व्हिडिओतसुद्धा दिसत नाही. एका चित्रात हात पुढं आहे आणि दुसऱ्यात बबलू बसलेला आहे. साप ढिगात निघून गेला. बबलूच्या उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटावर दोन लाल टिंबं होती आणि त्यातून रक्त गळत होतं.

मोबाइलवाले दोस्त सर्वांत आधी पांगले. एकानं तर पांगतानाही शूटिंग सुरू ठेवलं होतं.

काकूंनी बबलूला धुऱ्यावर आडवा केला. "हालू नको. आंगठ्या काढ पयल्या."

"आंगठ्या काहून?"

"बोट सुजीन अन् आंगठी आत रुतीन, म्हनून. काढ!"

तीन निघाल्या. चौथी, ग्रहाच्या खड्याची, नेमकी चावलेल्या बोटातली, निघेना. संघपालच्या बायकोनं साबणाचं पाणी आणलं आणि काकूंनी ती ओढून काढली. बबलू बोंबलला. एकानं ब्लेड आणलं होतं, चावल्या जागी चीर द्यायला; काकूंनी त्याच्या हातावर अशी चापट मारली की ब्लेड उडून गेलं. दुसऱ्यानं दोर आणला होता. "थो तुह्याच गयाले बांध," काकू म्हणाल्या.

वैजयंताबाई धावत आल्या आणि पोराला शेजारच्या गावच्या बाबाकडं न्यायचं म्हणून रडू लागल्या. तिथं म्हणे विष उतरतं.

"बाबाकडे मंग जाजो, पेढे घेऊन," काकू म्हणाल्या. "आता दवाखाना." मग माझ्याकडं वळल्या. "तुही ओम्नी कुठं हाये? उभा काय राह्यला खांबासारखा?"

मी गाडी काढली. मागच्या सीटवर बबलू आडवा, त्याचं डोकं आईच्या मांडीवर, आणि त्याचा हात धरून काकू. तालुक्याचा सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर. बोट काळंनिळं होत चाललं होतं, सूज मनगटापर्यंत आली होती.

"काकू," बबलू बारीक आवाजात म्हणाला, "माह्या रक्तात तं विष पचते ना?"

"थेच पाहाले चाललो आपन."

थोड्या वेळानं तो रडायला लागला. "मी मरतो का वो काकू?"

"बोलून, रडून, हातपाय झाडून रक्त जोरात फिरवलं तं मरशीन. गप पडला तं वाचशीन. आजवर तुह्यासारख्या मानसाले गप पडनं कधी जमलं नाई, एकदा करून पाय."

तो गप पडला. आरशात मला काकूंचा चेहरा दिसत होता. त्यात दया अशी काही दिसली नाही, पण बबलूचा हात त्यांनी सबंध रस्ता छातीच्या खाली एकाच उंचीवर धरून ठेवला होता, खड्ड्यातसुद्धा.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कोणता साप, असं त्यांनी विचारलं. मोटरसायकलवरून मागं आलेला एक दोस्त म्हणाला, "अजगराचं पिल्लू."

"घोनस," काकू म्हणाल्या. "तिकोनं डोक्शं, पाठीवर साखयीच्या तीन रांगा, कुकरसारखा आवाज. साडेअकराले चावला. कायी कापलं नाई, बांधलं नाई."

डॉक्टरीणबाईंनी बबलूचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवून दिली. घोणशीच्या विषानं रक्त गोठणं बंद होतं. चांगलं रक्त वीस मिनिटांत दह्यासारखं थिजतं. ती वीस मिनिटं आम्ही बाकावर बसलो. काकूंनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता. मला वाटलं त्यांना थंडी वाजते आहे. मग दिसलं की पदराआड त्या ओठांतल्या ओठांत मिनिटं मोजत होत्या, आणि ते कोणाला दिसू नये अशी त्यांची इच्छा होती. मी दुसरीकडं बघितलं. काकूंच्या उपयोगाची अशी माझ्या हातून घडलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. त्यांनी लगेच सलाइनमधून अँटीव्हेनम सुरू केलं आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवायला ॲम्ब्युलन्स बोलावली. जाताना त्यांनी काकूंना विचारलं, "तुम्ही कॉलेजात शिकवता का?"

"नाई," काकू म्हणाल्या. "बाटल्या पुसत होती."

बबलू अठरा दिवस अकोल्यात होता. मूत्रपिंडांनी काम सोडलं म्हणून तीन वेळा मशीनवर रक्त साफ करावं लागलं. बोटाचं पहिलं पेर काळं पडलं, ते कापलं. पण जीव वाचला.

तो परत आला त्या दिवशी मला वाटलं होतं की आता हा सुधारेल. इथंच माझी अक्कल कळते. मंडळानं स्टँडपासून वाजतगाजत त्याला घरी नेलं. मांडव तोच, माइक तोच. बबलू फिकट चेहऱ्यानं उभा राहिला, पट्टी बांधलेला हात वर केला आणि म्हणाला, "थो साप मले चावला, पन मी वाचलो. अन् थो साप? थो मेला! माह्या रक्तानं मेला थो!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. काकू आल्याच नव्हत्या.

मे महिन्याच्या शेवटी संघपाल पऱ्हाट्यांचा ढीग हलवायला गेला आणि तसाच उलट्या पावली काकूंकडं आला. ढिगात वीतभर लांबीची पिल्लं वळवळत होती, आठपर्यंत त्यानं मोजली आणि मग मोजायचं सोडलं. काकू जाऊन लांबूनच बघून आल्या. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, एका वेळी वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त, आणि प्रत्येक पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी. संघपाल पेटवायला निघाला होता.

"पेटवशीन तं निम्मे तुह्या घराकडे येतीन," काकू म्हणाल्या. "आठ दिवस तिकडे फिरकू नको. त्यायची माय बसून राखन करत नाई, जो तो आपल्या रस्त्यानं जाते. माणसासारखं लोंबत नाई मायबापाले."

संघपाल घाबरलेला होता म्हणून त्यानं ऐकलं. आठ दिवसांनी ढीग मोकळा होता. त्या संध्याकाळी वैजयंताबाईंच्या दारावरून जाताना काकू थांबल्या आणि आत बसलेल्या बबलूला म्हणाल्या, "तुह्या रक्तानं मेलेल्या सापाले पोरं झाले. चांगले तीसक असतीन."

गावात आता काही काही लोक साप निघाला की काकूंना बोलावतात. काकू जातात, लांब उभ्या राहतात आणि सगळ्यांना लांब उभं करतात. "दार उघडं ठेवा, जाईन थो." साप थोड्या वेळानं जातो. लोकांना हे आवडत नाही. साप जातो म्हणून नाही, बघायला काही मिळत नाही म्हणून. त्यामुळं बहुतेक जण अजून बबलूलाच फोन करतात.

मागच्या पावसाळ्यात मला दुपारी घरी जेवायला उशीर झाला. गल्ली झोपलेली होती. काकूंच्या मागच्या दारातून मला बबलू आत जाताना दिसला, गॉगल न लावलेला. मी त्यांच्या न्हाणीच्या भिंतीशी उभा राहून ऐकलं. माझ्यासारख्या माणसाला तेवढं शोभतं.

भिंतीच्या भोकातून मोरीच्या कडेला काळ्या दोऱ्यासारखा एक जीव सरपटताना दिसत होता. तो वाळा साप; बहुतेक लोक त्याला गांडूळ समजतात. काकू आतून त्याच्याबद्दलच सांगत होत्या. "हा वाया. जगातला सगळ्यात गरीब साप. याच्यात नर नसतेच. सगळ्या माद्या. नराबिगर अंडे देतात, त्यातून माद्याच निघतात. अन् त्यायचं कायी अडत नाई. समजलं?"

"समजलं," बबलूचा आवाज.

"उभा राहून सांग. घोनस अन् अजगर कसे ओयखाचे?"

बबलू उभा राहिला असावा, खाट करकरली. त्यानं सांगायला सुरुवात केली. साखळ्यांच्या दोन रांगा म्हणाला, काकूंनी तीन म्हणवून घेतल्या. कुकरचा आवाज मात्र त्यानं न चुकता सांगितला. मांडूळाचं दुसरं तोंड म्हणजे नुसती बोथट शेपटी, हे त्याला आलं. साधा सरडा आणि रंग बदलणारा घोयरा ह्यात गोंधळ केला. काकू एका शब्दानंही त्याला चांगलं म्हणाल्या नाहीत.

"ढ हायेस," त्या म्हणाल्या. "काळबांडे सरापेक्षा एक इंच वर. पुढच्या मंगळवारी परत ये, मांगच्या दारानं. आता शेवटचा सवाल. मगरीले जीभ भायेर काढता येते का?"

 "येते," तो म्हणाला.

"नाई येत. खालच्या जबड्याले चिकटेल असते. तिले येत नाई, तुले येते, म्हनून तर भाषनाले थे नाई जात, तू जातो. बस खाली."

खाट पुन्हा करकरली. मी जेवायला घरी गेलो.